शाळेच्या गायनमंडळाच्या जुन्या वह्या मिळवताना – माझा अनुभव

शाळेच्या स्मरणिकेत 'क्वायरची (गायनमंडळाची) सुरुवात १९५० च्या दशकात झाली' असं वाक्य छापायला चाललं होतं. भिंतीवरचा सगळ्यात जुना फोटो त्या काळातला, म्हणून सुरुवातही तेव्हाचीच धरलेली. मी बैठकीतच हरकत घेतली. माझे थोरले काका याच शाळेत लढाईच्या आधी लॅटिनमध्ये गात असत. मिस्सातलं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं, अख्खं 'क्रेदो' (श्रद्धेची कबुली) ते म्हातारपणीही न अडखळता म्हणायचे. समिती म्हणाली, कागद दाखवा, वाक्य बदलू.

'एक्झामिनर' हे कॅथलिक साप्ताहिक मुंबईत १८५० पासून निघतंय. त्याचे जुने अंक एका फादरांच्या ओळखीने दोन दिवसांत चाळून झाले. आमच्या शाळेचा उल्लेख सापडला, पण क्वायरबद्दल अक्षर नव्हतं. शाळेचं जुनं दप्तर, ज्या धर्मसंघाने शाळा काढली त्यांच्या दादरकडच्या कार्यालयात आहे असं कळलं आणि माझे साडेतीन महिने तिथेच गेले.

अर्ज दोन पानांचा. त्यात एक रकाना 'संशोधकाची संस्था व शिफारसपत्र'. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, माझी कुठली संस्था? मी 'माजी विद्यार्थी' लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, शाळेचं पत्र जोडा म्हणून. शाळेत गेलो तर तिथे म्हणाले, दप्तर आमच्या ताब्यात नाही, कार्यालयाची परवानगी आणा, मग पत्र देऊ. कार्यालयात म्हणाले, पत्राशिवाय परवानगी कशी देणार? अशा चार फेऱ्या झाल्या. खिडकी फक्त बुधवारी दहा ते बारा. जुलैतल्या एका बुधवारी गोरेगावहून निघालो, पावसाने गाडी माहीमला अर्धा तास उभी राहिली. बारा वाजून दहा मिनिटांनी पोचलो तर खिडकी बंद. आत माणसं बसलेली दिसत होती. त्या दिवशी जिन्यावर बसून मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. माझ्या घरचा इतिहास, माझ्या शाळेचा इतिहास, आणि मी परक्यासारखा बाहेर.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं: अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट. माझा पहिला अर्ज 'आलाच नाही' असं मला एकदा ऐकवलं गेलं होतं.

कोंडी फोडली ती खिडकीवरच्या बाईंनी. माझ्या पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही 'क्वायरचा इतिहास' असं लिहिलंय. इतिहास म्हटलं की ते समितीपुढे जातं. कुठली वही बघायचीय तेवढंच लिहा ना." मी तिथेच उभ्याने नवा अर्ज लिहिला: १९२५ ते १९४० मधल्या खर्चाच्या वह्या, क्वायरसंबंधी नोंदी. सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स. आठव्या दिवशी सही झाली. शिफारसपत्र कोणी मागितलंच नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी का सांगू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

खर्चाच्या वह्या मागा हे मी मुद्दाम सांगतो. क्वायरचं वेगळं रजिस्टर बहुतेक कोणी ठेवलेलं नसतं, पण पैसे लागले की नोंद होते. दर डिसेंबरला 'क्वायरच्या मुलांचा चहा, बिस्किटं' अशी ओळ आहे, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साच्या तालमीची. एका वर्षी हार्मोनियमच्या भात्याला नवं चामडं. एका वहीत घडी केलेला कागद निघाला. जांभळ्या शाईत 'कीरिये एलेइसॉन' ('प्रभू, दया कर' ही मिस्सातली प्रार्थना) देवनागरीत लिहिलेलं आणि प्रत्येक अक्षराखाली इंग्रजी डी, आर, एम. शब्द ग्रीक, मिस्सा लॅटिन, आणि मुलं घरी मराठी बोलणारी! ती अक्षरं टॉनिक सोल-फाची, म्हणजे डो, रे, मी हे सूर अक्षरांत लिहिण्याची, जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजवलेल्या पद्धतीची. तिला पाच रेघांचा छापील कागद लागत नाही, साध्या वहीत चाल उतरवता येते.

कागदाच्या मागे नावं दोन रांगांत, ट्रेबल (सगळ्यात उंच आवाज) आणि आल्टो (त्याखालचा). वरच्या पट्टीत मुलगे. शाळा मुलग्यांची होती हे खरंच, पण २२ नोव्हेंबर १९०३ च्या पोप दहाव्या पायस यांच्या फर्मानानेही चर्चच्या क्वायरमध्ये स्त्रियांना जागा नव्हती. उंच आवाज हवे असतील तर मुलग्यांकडून गाऊन घ्या, असं त्यात स्पष्ट आहे. पुढे डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) उपासनेत लोकभाषेला वाट दिली, हळूहळू मराठी गीतं आली. लॅटिनच्या वह्यांची गरज संपली. त्या खोक्यात गेल्या, आणि खोक्याबरोबर त्या मुलांची आठवणही गेली, असं मला वाटतं.

आत जाताना पेन्सिल न्या, शाई चालत नाही. फोटोची परवानगी त्याच अर्जात मागा, मी मागितली नव्हती, सगळं हाताने उतरवावं लागलं. मास्क न्या, पानांना ओल आहे.

स्मरणिकेतलं वाक्य बदललं. काकांचं नाव त्या कागदावर नाही. उरलेल्या दोन वह्यांसाठी गेल्या बुधवारी अर्ज दिला आहे, पोच घेऊन.