तायी कार्ड

१५ डिसेंबर, चिकोडी तालुका, कर्नाटक

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातील सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगचा आज चौथा दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऊसतोड टोळीतील एक वहिनी तपासणीला आली होती. ती पाटोद्याकडची, सहावा महिना, हिमोग्लोबिन ८.२, गरोदरपणात ते निदान ११ असावे लागते. गाडी न आल्याने तोड बंद होती, म्हणूनच ती येऊ शकली, एरवी खाडा पडला असता.

परिचारिकेने कन्नडमध्ये सारे नीट समजावले आणि वहिनी प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली. ती मान मी ओळखते. बारा वर्षांपूर्वी ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आईवडील बीड जिल्ह्यातून इकडे आले, तेव्हा माझी आईही अशीच मान हलवत असे. पुढे वडिलांना इथेच सालगड्याचे काम मिळाले आणि आम्ही राहिलो. धाकटा भाऊ पोटात असताना आईला लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी शौचाला काळे होऊ लागले, तेव्हा पोटात काही बिघडले असे समजून तिने उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. लोहाने असे होतेच, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे एक वाक्य तिला मराठीत कुणी सांगितले नव्हते. भाऊ अपुऱ्या वजनाचा जन्मला. ते वाक्य मी पुढे पाठ्यपुस्तकात वाचले, त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आज परवानगी घेऊन मी वहिनीशेजारी बसले आणि सर्वांत आधी तेच सांगितले. मग गोळीची वेळ ठरवली. पहाटे चहा घेऊनच टोळी फडात जाते, आणि चहासोबत घेतलेले लोह अंगी फारसे लागत नाही. तेव्हा एक गोळी दुपारच्या भाकरीनंतर, दुसरी रात्रीच्या जेवणानंतर, मिळाल्यास लिंबाच्या फोडीसह. "ताई, आता कळलं. मघाशी नुसती मान हलवली," ती म्हणाली. तायी म्हणजे कन्नडमध्ये आई, हे सांगितल्यावर तिने गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदीचे ते तायी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले.

परिचारिकेला मी दोष देत नाही. तिला मराठी येत नाही, जसे मलाही कन्नड वॉर्डातच शिकावे लागले. 'एल्ली नोवु?', म्हणजे कुठे दुखते, हे माझे पहिले वाक्य एका रुग्ण आजींनी माझ्याकडून दहादा म्हणवून घेतले होते.

काळजी पुढची आहे. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचे, पण तोवर टोळी अथणीकडे गेलेली असेल. बाळंतपण मार्चमध्ये, बहुधा गावी, आणि तिकडे हे कन्नड कार्ड वाचणार कोण? मी आजची तारीख, हिमोग्लोबिन, रक्तदाब, गोळ्यांचे प्रमाण आणि पुढील तपासणीचा दिवस देवनागरीत लिहून तो कागद कार्डामागे टाचला. त्याच टोळीत आणखी दोघी गरोदर आहेत, असे ती जाताना म्हणाली. उद्या संध्याकाळी, टोळी फडातून परतल्यावर, आशाताईंना घेऊन कोपींवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जाणार आहे.