नेपाळ म्हणजे आपलंच की!

तुम्ही विचारलंत म्हणून. दर गणपतीत न्यू जर्सीतल्या मंडळाच्या पंगतीत कोणीतरी काकू हे विचारतातच: "पीस कोअरमध्ये नेपाळ मिळालं म्हणजे तुझी चैनच की. वरणभात, देवनागरी, देवसुद्धा तेच. तुला कसलं आलंय अवघड?" (पीस कोअर म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारी संस्था.)

देवनागरीचं आधी सांगते. पाट्या वाचता येत होत्या, तिथेच घात झाला. बाकीचे क, ख गिरवत होते तेव्हा मी फाडफाड वाचायचे आणि अर्थ भलताच लावायचे. नेपाळीत 'घाम' म्हणजे ऊन. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण (हे एक लगेच पटलं). थोरल्या भावाला 'दाइ' म्हणायचं, तर मला दर वेळी सुईण आठवायची. महिन्याभरात ओहायोचा एक मुलगा माझ्यापुढे निघून गेला.

पण काकू, हे सगळं हसण्यावारी नेता येतं. ते दुसरं नाही नेता येत.

2017 साल. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाला गावातल्या एकेका घरी राहायचं होतं. शाळेच्या अंगणात बायका झेंडूच्या माळा आणि टिक्याची ताटं घेऊन उभ्या. माझं नाव पुकारलं. माझी होणारी आमा, म्हणजे त्या घरची आई, पुढे आली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. "अमेरिकन खोइ?" म्हणजे अमेरिकन कुठाय? कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. तिच्या हातातली माळ हातातच राहिली. "यो त इन्डियन पो रहेछ!" ही तर इंडियन निघाली.

2015 च्या नाकाबंदीत भारताच्या सीमेवरून गॅस येईना, तेव्हा या बाईने कित्येक महिने चुलीवर रांधलं होतं. दोष कोणाला देत होते, ते सांगायला नको. मला हे पुढे कळलं. त्या क्षणी मला नेपाळीत चार वाक्यं येत होती, त्यातलं एक मी मोठ्याने म्हटलं: "म इन्डियन होइन. म अमेरिकन हुँ." मी इंडियन नाही, अमेरिकन आहे.

माळ गळ्यात पडली.

कागदोपत्री खोटं नव्हतं. पीस कोअरमध्ये अमेरिकी नागरिकच घेतात. पण जन्म साताऱ्याचा, नऊ वर्षांची होईपर्यंत आजीच्या कुशीत झोपलेली मी. त्या रात्री जेवताना सवयीने तांब्या उचलला आणि तोंड न लावता वरून पाणी प्यायले. आमा खूश झाली. "कसले सिकायो?" कोणी शिकवलं?

मी म्हटलं, ट्रेनिंगमध्ये.

तेवीस वर्षांची होते, घाबरले होते, वगैरे. 'इंडियन आहे' म्हटलं असतं तर ते तरी पूर्ण खरं होतं का? बाकीच्यांना कोणी असं विचारलंच नाही, याचा राग अजून येतो. आणि पाण्याबद्दल तर मला कोणीच कोंडीत पकडलं नव्हतं, हेही आठवतं.

शपथ घेऊन ट्रेनीची स्वयंसेवक झाले, तोवर तिला सगळं सांगण्याइतकं नेपाळी येत होतं. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, अजून तिचा फोन येतो. आम्ही मक्याबद्दल बोलतो.