नागोयाच्या जुन्या कोर्टात

सोमवारी गेलो तर दाराला कुलूप. जपानमधल्या नागोयात भाचीकडे पंधरा दिवसांसाठी आलेली मी, आणि आठवड्याची सुट्टी कधी ते बघायचं दोघींनाही सुचलं नाही. "मावशी, तुला पुढची तारीख घ्यायची सवय आहेच की," म्हणून ती मोकळी झाली. तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली केल्यावर यावर काय बोलणार?

मंगळवारी पुन्हा निघालो. नागोयाजो स्थानकावर उतरून थोडं चाललं की लाल विटांची, पांढऱ्या दगडी पट्ट्यांची इमारत दिसते. १९२२ साली बांधलेलं हे अपील न्यायालय. १९७९ पर्यंत इथे खटले चालले. आता शहराचं दप्तरखाना-संग्रहालय आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत.

एवढी खटपट एका मालिकेपायी. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर २०२४ मध्ये रोज सकाळी पंधरा मिनिटं लागायची, 'तोरा नि त्सुबासा', म्हणजे 'वाघाला पंख'. भाची थांबवून थांबवून मराठीत सांगायची आणि मी पाहायची. असे १३० भाग आम्ही संपवले. इतो साइरीने रंगवलेली तोमोको प्रत्येक अन्यायावर आधी "हाते?" म्हणते. आपलं "असं कसं?" तिच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटतं.

तोमोको बेतली आहे मिबुची योशिको यांच्यावर. जपानात बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा १९३३ चा. १९३८ ला परीक्षा पास झालेल्या पहिल्या तिघींतल्या त्या एक, आणि १९४० मध्ये वकील झाल्या. (आपल्याकडे हा कायदा १९२३ चा. पण नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती १८९२ साली. तीस वर्षं थांबवलं बाईंना!) १९५२ मध्ये मिबुची न्यायाधीश म्हणून नागोयाला आल्या, त्या याच इमारतीत. मालिकेत मात्र तोमोकोची बदली निइगाताकडे होते, नागोया गाळलंच. तरी चित्रीकरणाला शेवटी इथेच यावं लागलं.

आत शिरल्याबरोबर समोर तो जिना. संगमरवरी कठडा, वर रंगीत काचा, त्यात तराजू. पडद्यावर ओळखीचा झालेला जिना पायांखाली आला की उगाच पदर सावरावासा वाटतो. मी तर सलवार-कमीजमध्ये होते.

पण मी रेंगाळले ती वरच्या मजल्यावर. तिथे युद्धापूर्वीचं कोर्ट पुतळ्यांसकट मांडून ठेवलंय. काळे झगे, गळ्याशी भरतकाम: न्यायाधीशांचं जांभळं, सरकारी वकिलाचं लाल, आरोपीच्या वकिलाचं पांढरं. इथवर नुसती शोभा. मग लक्षात आलं, लाल भरतकामवाला वर बसलाय! न्यायाधीशांच्या रांगेत, त्याच उंच चौथऱ्यावर. पांढरा बिचारा खाली. आरोपीने मान वर केली की त्याला न्याय देणारा आणि त्याला शिक्षा मागणारा एकाच ओळीत दिसणार. युक्तिवाद सुरू व्हायच्या आधीच निम्मा निकाल त्या सुताराने लावून ठेवला होता.

शेजारी युद्धानंतरचं कोर्ट आहे. त्यात सरकारी वकील खाली उतरलाय, बचावाच्या वकिलासमोर, सारख्याच उंचीवर. मालिकेच्या सुरुवातीला नदीकाठी बसून तोमोको वर्तमानपत्रात नव्या राज्यघटनेचं कलम १४ वाचते आणि रडते: कायद्यापुढे सगळे समान. आपल्या राज्यघटनेतही समानतेचं कलम चौदावंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाचीला म्हटलं होतं, आकडा नीट वाच, चुकत असशील.

मी त्या पांढऱ्या भरतकामवाल्याच्या बाजूला बराच वेळ उभी होते. भाचीने फोटो काढला आणि विचारलं, "तुमच्याकडे सरकारी वकील कुठे बसतो गं?"

"माझ्या शेजारी, एकाच टेबलाशी," मी म्हटलं. "पंखा तेवढा त्याच्या डोक्यावर."