आजोबांची माळ आणि राखणीचा कोंबडा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कादंबरी पहिलीच, त्यामुळे अशा प्रश्नांची अजून सवय नाही. पण एक प्रश्न फिरून फिरून येतो: "तुमचा स्वतःचा देव, राखणदार या सगळ्यावर विश्वास आहे का हो?" आणि त्याच्या पाठोपाठ, जरा आवाज उतरवून, "तुमचे ते आजोबा तसे ढोंगीच म्हणायचे ना?"

पुस्तक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. कादंबरीतले आजोबा लालबागच्या चाळीत राहणारे गिरणी कामगार. चाळीतल्या भजनी मंडळाबरोबर पंढरपूरला गेले नि तुळशीची माळ घालून आले. मासळी सुटली. (मालवणच्या माणसाची मासळी सुटणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.) 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मिटायची चिन्हं दिसेनात, तेव्हा आजोबा गावी परतले आणि शेती बघू लागले. शेती आली म्हणजे राखण आली. वाडीचा, शेताचा सांभाळ करणारा न दिसणारा देव, तो राखणदार. त्याला वर्षाचा कोंबडा नि नारळ चुकवायचा नसतो. आता माळकऱ्याने कोंबडा द्यायचा कसा?

"तुमी माळ घातलात ता बरा केलात," आजी त्यांना ऐकवते, "पण राखणदारान माळ घातलेली नाय."

शेवटी आजोबा चुलतभावाकडे पैसे देतात. कोंबडा तो आणतो, सुरी तो फिरवतो. गाऱ्हाणं, म्हणजे राखणदारापुढची विनवणी, घातलं जातं ते मात्र आजोबांच्या घराच्या नावाने, आणि त्या वेळी आजोबा ओटीवर बसून हरिपाठ म्हणत असतात. वाचकांना ढोंग दिसतं ते इथे.

ही व्यवस्था मी रचलेली नाही. पैसे आमचे, हात दुसऱ्याचा, हे आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलं. रचलं ते त्यावरचं भांडण. खऱ्या घरात भांडण झालंच नाही, आणि भांडणाशिवाय कादंबरी किती पानं ओढणार?

संपादकांनी सुचवलं होतं की आजोबांच्या मनातली घालमेल दाखवणारं एक प्रकरण घाला; विठ्ठल खरा की राखणदार, असं काहीतरी. मी नाही घातलं. ती घालमेल त्या माणसाला झालीच नसती. तो विचार करणार तो एवढाच, की विठ्ठलाला दिलेला शब्द मोडता कामा नये आणि राखणदाराचं देणं थकता कामा नये. दोन्ही कसं जमवायचं ते बोला. मुंबईत लोकांची देणी सांभाळलेला माणूस होता तो.

आमच्याकडे तुम्ही मनातून काय मानता ते कोणी विचारत नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण घ्या. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाचा होकार, झाला की सगळा गाव गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो, तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतो. हिंदू जातात तसे गावातले मुसलमान नि ख्रिस्तीही जातात. तिथे वेशीवर उभं राहून विश्वास आहे का म्हणून विचारलंत, तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. गाव निघालाय, आपण निघालो.

माझं भांडण असलंच तर ते वेगळ्याच ठिकाणी आहे. माळ आजोबांनी घातली, पण ती पाळली आजीने. त्यांचं वरण-भात आधी, वेगळ्या टोपात. पळी वेगळी, तवा वेगळा. मग मुलांसाठी बांगडे मागच्या पडवीतल्या चुलीवर. मग अंघोळ, मग पुन्हा घरात. एकादशीला आजोबांचा उपास आणि आजीला वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, शिवाय मुलांचा नेहमीचा स्वयंपाक. पंढरीची वारी त्यांच्या नावावर जमा होत गेली. खरकट्याचं काय, ते कोण मोजतो? आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेत आंगणे घराण्यातल्या बायका नैवेद्य रांधताना मौन पाळतात. ते मौन निदान सगळ्यांना माहीत असतं, त्याला मान असतो. आजीचं तसं नव्हतं. म्हणून कादंबरीत तिला मी बोलकी केली, नको तितकी बोलकी केली, असं एका समीक्षणात आलं. असू दे.

तेव्हा, आजोबा ढोंगी नाहीत. सोयीस्कर आहेत, आणि ती सोय बायकोच्या जिवावर आहे. यावर मला कोणी विचारलं तर मी तासभर बोलेन. अजून कोणी विचारलेलं नाही.

आता माझ्या विश्वासाचं. मी माळ घातलेली नाही, मंदिरात रांग लावत नाही, आणि राखणदाराला मी कधी पाहिलेलं नाही. राखणीचे पैसे मात्र दर वर्षी गावातल्या चुलतभावाला गुगल पे करते. पुस्तक त्यानेही वाचलं. म्हणाला, "सगळा बरा लिवलंस गो, पण पैसे कोण देता ता कशाक लिवलंस? आता दुसरी घरा पण माकाच सांगतली."