किटचं नंतर, आधी परतीच्या गाडीचं बघा

खो-खोचं आणि आमच्या धाराशिव जिल्ह्याचं नातं जुनं आहे. सारिका काळे इथलीच, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टन, गोल्ड घेऊन आली आणि 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, फायनलला आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 नं हरवलं, कॅप्टन प्रियंका इंगळे, तीपण महाराष्ट्राची. त्यानंतर काही दिवस आमच्या ग्राउंडवर दुसरा विषयच नव्हता, जी ती म्हणायची मी चेस करणार म्हणजे पाठलाग, मी पोल मारणार म्हणजे खांबाजवळ सूर मारून गडी बाद करणार.

आम्ही काही मैत्रिणी मिळून तालुक्यातल्या एका शाळेच्या मुलींना खेळासाठी मदत करतो. बऱ्याच जणींचे आईवडील ऊसतोडीला जातात, काहींच्या आया रोजंदारीवर. मदत करायची म्हटलं की लोक आधी टी-शर्ट आणि ट्रॅकसूटचं विचारतात, फोटो चांगला येतो म्हणून असेल कदाचित, भावना चांगलीच असते. पण ट्रॅकसूट नाही म्हणून खेळ सोडलेली मुलगी मी अजून पाहिली नाही. शाळा सुटल्यावर प्रॅक्टिसला थांबलं की गावाकडची शेवटची एसटी जाते म्हणून सोडलेल्या मात्र भरपूर पाहिल्यात. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, फार चांगली योजना आहे ती, पण गाडीच निघून गेल्यावर पासचं काय करणार? आणि अंधारात वडापच्या, म्हणजे सीट भरून नेणाऱ्या खाजगी जीपमध्ये एकटी पोरगी कोण पाठवेल, मी पण नाही पाठवणार.

म्हणून आम्ही सगळ्यात जास्त पैसे कशावर घालतो तर रिक्षावर. ओळखीचा रिक्षावाला ठरवलाय, तो एका बाजूच्या गावांतल्या मुलींना घरापर्यंत सोडतो, आणि शेवटची मुलगी उतरली की आमच्यातल्या एकीला फोन करतो. दुसऱ्या बाजूच्या मुलींसाठी सरांनी प्रॅक्टिस शाळा भरायच्या आधी घेतली, सकाळची गाडी लवकर असते त्यामुळे ते जमलं. पण सकाळी पाणी भरायचं, धाकट्या भावाचं आवरायचं ही कामं त्याच पोरीकडे असतात, त्यामुळे घरी जाऊन बोलावं लागतं, आणि एकदा बोलून भागत नाही.

एका नववीतल्या मुलीचं सांगते. काय पळती करते, म्हणजे हुलकावण्या देत बाद न होता पळते! पळणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात उतरतात, त्यात ती शेवटपर्यंत टिकते, पाठलाग करणारी दमून जाते. तिची आई म्हणाली, मॅडम, हातपाय मोडला तर उद्या लग्नाला कोण उभं राहील? यावर भाषण देऊन उपयोग नसतो. आम्ही सांगितलं की नियमात बसणाऱ्या खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळू शकतात, आणि सारिका काळे खेळातूनच क्रीडा खात्यात अधिकारी झाली. आई काहीच बोलली नाही, वडील मात्र पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आपल्या जिल्ह्यातलीच का ती? दुसऱ्या दिवशी पोरगी ग्राउंडवर हजर.

खरी अडचण पुढे येते. तालुक्याच्या मॅच पावसाळ्यात होतात, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि नेमकं दसरा-दिवाळीच्या पुढे मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन निघतो. म्हणजे मुलगी जिल्ह्याला जिंकते आणि विभागाच्या वेळी कारखान्यावर असते, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळत. याचा मला मनापासून राग येतो. हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती सगळीकडे नाहीत आणि वयात आलेली मुलगी मागे ठेवायला आईबाप घाबरतात, त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्या नववीतल्या मुलीसाठी आम्ही तिच्या आजीला तयार केलं, आजीच्या घरी किराणा भरून दिला, दाराला नीट कडी बसवून दिली. विभागाला खेळली ती.

अजून एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. स्पोर्ट्स ब्रा. मोठ्या मुली एका हातानं कपडा सावरत पळतात, सूर मारायचा टाळतात, आणि सर म्हणतात हिच्यात जिगर नाही. पाळी आली की पोट दुखतंय म्हणून घरी. पुरुष सरांना त्या सांगणार तरी कशा? आता प्रॅक्टिसला आमच्यातली एक जण तिथं बसलेली असते, पिशवीत पॅड, गुळ-शेंगदाण्याचे लाडू आणि गुडघ्याला लावायला मलम. गुडघे तर कायमच सोललेले. आमचं ग्राउंड मुरमाचं आणि मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, मॅटवर शूज घालून वळायची सवयच वेगळी. अनवाणी शिकलेली मुलगी तिथं पहिल्यांदा शूज घालते आणि घसरते, म्हणून आम्ही स्पर्धेच्या बरंच आधी शूज देतो, मापाचे, नवीन. जुने मोठ्या मापाचे शूज कापूस कोंबून घालायला देऊ नका प्लीज, पाय मुरगळतो.

तुमच्या जवळच्या शाळेत विचारायचं असेल तर जून-जुलैमध्येच विचारा, संघ ठरायच्या आधी. सरांना विचारा की चांगली खेळणारी कोणती मुलगी यायची बंद झाली, आणि ती कोणत्या गावाहून, कोणत्या गाडीनं येते.