हाताला कळतं ते फोनवर कसं दाखवायचं : आमची वाटचाल

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग आहेत, आणि २०२० पासनं आम्ही थोडा माल इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरनं थेट गिऱ्हाइकाला विकतो. बऱ्याच जणी फोन करून विचारतात की ताई कसं सुरू केलं, जाहिरातीला किती घातले, फॉलोअर कसे वाढवले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी मूळची बार्शीची. २०११ ला लग्न होऊन इकडं आले तेव्हा मला टॉवेल म्हणजे टॉवेल एवढंच माहीत होतं. सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, चार मागांवर सुरुवात केली आणि हळूहळू आठ केले. धंद्याची पद्धत अशी की सूत उधारीवर आणायचं, टॉवेल विणायचे, गाठी बांधून व्यापाऱ्याकडं पाठवायच्या आणि मग पैशाची वाट बघायची, तीन महिने, कधी चार, आणि मधे सुताचा भाव वाढला तर तो आपल्याच अंगावर. आणि टॉवेलवर लेबल व्यापाऱ्याचं. हे मला फार लागायचं. एकदा पुण्यात नणंदेकडं गेले होते, बाथरूममधे आमचाच टॉवेल टांगलेला, किनारीचं डिझाइन आप्पांनी स्वतः बसवलेलं, आणि त्यावर नाव भलत्याचंच. नणंदेला पण माहीत नव्हतं की हा माहेरचा टॉवेल आहे.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं. माग बंद, २,८०० टॉवेल पॅक करून ठेवलेले आणि व्यापारी फोन उचलंना. कामगारांना उचल तर द्यायचीच होती, त्यांची पण घरं आहेत. मिस्टर रात्र रात्र जागे असायचे. त्याच जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाग्रामवर रील आलं, पुतणी अकरावीत होती, ती म्हणाली काकू आपण मागाचा व्हिडिओ टाकू या. तोवर दोन माग चालू झाले होते. तिनं बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, नुसता माग खडखडतोय आणि टॉवेल खाली उतरतोय. अकरा हजार लोकांनी बघितला! आम्हाला वाटलं झालं, आता काय, माल संपलाच. ऑर्डर आल्या तीन, त्यातली एक माझ्या मामेबहिणीची.

तेव्हा आप्पा जे बोलले त्यावर आमचं पुढचं सगळं उभं आहे. म्हणाले, "माग दाखवून काय होतंय गं, बाई दुकानात टॉवेल घेताना काय करती ते आठव." आणि खरंच की, बाई आधी घडी उलगडती, तळहातावर वजन बघती, गालाला लावती, किनार ओढून बघती, रंग जाईल का विचारती, मग भाव. टॉवेल हा हातानं घ्यायचा माल आहे आणि फोनमधे हात घालता येत नाही. मग हाताला जे जे कळतं त्यातलं एकेक फोनवर कसं दाखवायचं, एवढाच विचार आम्ही गेली काही वर्षं करतोय.

पहिलं घेतलं वजन. टॉवेलवाले जीएसएम सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, पण घरातल्या माणसाला त्यातनं काही कळत नाही. तीस बाय साठ इंचाचा टॉवेल चारशे जीएसएमचा असला तर साधारण ४६५ ग्रॅम भरतो. आम्ही किचनचा वजनकाटा कट्ट्यावर ठेवला, त्यावर घडी ठेवली, आकडा दाखवला आणि सांगितलं की तुमच्या घरातला याच मापाचा टॉवेल काट्यावर ठेवून बघा. ते लोकांना इतकं आवडलं की बायका आपापल्या टॉवेलचे, काट्यावरचे फोटो पाठवायला लागल्या. ३०० ग्रॅमचा टॉवेल जाड सांगून गळ्यात मारलाय हे कळल्यावर त्यांचा राग आम्ही ऐकून घेतला आणि त्यातल्या कित्येक जणी आजही आमच्या गिऱ्हाईक आहेत.

मग लूप. टेरीच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) असतात, एक कडक ताणलेला आणि एक सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, तीन धागे पडले की फणी जोरात ठोकती आणि सैल बीमचं सूत वर उचलून उभं राहतं, तोच लूप, पाणी तोच पितो. हे मिस्टरांनी मागाशेजारी उभं राहून बोटानं दाखवलं, आवाज नीट येत नव्हता म्हणून नंतर घरी बसून वेगळा रेकॉर्ड करून जोडला. कॅमेऱ्यासमोर ते आधी बोलायचेच नाहीत पण मागाबद्दल बोलायचं म्हटल्यावर थांबंनात. असंच पाणी पिण्याचं. नवा टॉवेल पाणी नीट घेत नाही ही तक्रार कायमची, कारण त्यावर फिनिशिंगचं सॉफ्टनर असतं, दोन-तीन धुण्यांनंतर तो खरा उघडतो, आणि घरी कंफर्टसारखं काही टाकत राहिलं तर परत थर बसतो. आम्ही एकाच टॉवेलचे दोन तुकडे केले, एक कोरा, एक तीनदा धुतलेला, दोन्हीवर पाणी ओतलं. आमचा आजवरचा सगळ्यात जास्त शेअर झालेला व्हिडिओ हाच, आणि त्यात टॉवेल घ्या असं एकदाही म्हटलेलं नाही.

आता पैसे कुठं वाया गेले ते पण सांगते. एक पोस्ट बूस्ट केली, पाच हजार घातले, कुणाला दाखवायची ते ठरवताना अख्खा भारत आणि सगळी वयं ठेवली. लाइक ढीगभर, विचारणा दोन. नंतर आठशेच घातले पण फक्त पुणे आणि ठाणे, तीस ते पंचावन्न वयाच्या बायका, आणि मेसेज थेट व्हॉट्सॲपवर येईल असं बटण लावलं, त्या आठवड्यात एकोणीस ऑर्डर झाल्या. मग गिव्हअवे केला, तीन मैत्रिणींना टॅग करा आणि टॉवेलचा सेट जिंका. चार हजार फॉलोअर वाढले आणि त्यातल्या कुणी पुढं एक नॅपकिन पण घेतला नाही, उलट आमच्या पोस्ट त्यांनाच दाखवल्या जायला लागल्या आणि खऱ्या गिऱ्हाइकाला दिसेनात. फॉलोअरचा आकडा बघायचं मी तेव्हापासनं सोडून दिलं. कॅश ऑन डिलिव्हरी पण बंद केली, पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचं दोन्हीचं भाडं आपल्याला बसतं आणि टॉवेल तर जागा भरपूर खातो, कुरिअरवाले वजनापेक्षा आकारमान धरतात. आता आम्ही हवा काढून चपटा बांधतो. खोट्या पेमेंटचे स्क्रीनशॉट पण आले, एकानं तर पैसे पाठवतो म्हणून क्यूआर पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मैत्रिणींनो, पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो. बँकेच्या खात्यात दिसल्याशिवाय पार्सल हलत नाही, एवढा एक नियम आमच्याकडं कुणासाठी मोडत नाही.

आणि रंगाचं प्रकरण. २०२२ च्या दिवाळीत मरून रंगाचा एक लॉट गेला होता. नाशिकच्या एका ताईंनी पोस्टखाली लिहिलं की रंग उतरला, मुलाचा पांढरा युनिफॉर्म गुलाबी झाला. पुतणीनं घाबरून ती कमेंट डिलीट केली. तिची चूक मी म्हणणार नाही, तिला तसं सांगणारं मोठं माणूस तेव्हा शेजारी नव्हतं. पण ताईंनी मग फोटोसकट सगळं बायकांच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकलं, आणि त्यांनी टाकायलाच पाहिजे होतं. त्या दोन दिवसांत सव्वीस ऑर्डर रद्द झाल्या. मी त्यांना फोन केला, आप्पा पण बोलले. मग त्याच लॉटमधले उरलेले टॉवेल गरम पाण्यात बुडवले तर खरंच पाणी लाल. रंगणीत शेवटचं साबणाचं धुणं नीट झालं नव्हतं आणि आम्ही तपासलं नव्हतं. आम्ही तोच लाल पाण्याचा व्हिडिओ स्वतःच्या पेजवर टाकला, लॉटची तारीख सांगितली, त्या लॉटचे ज्यांच्याकडं गेले त्या सगळ्यांना पैसे परत केले, युनिफॉर्मचे पण दिले. मिस्टर म्हणत होते असा व्हिडिओ टाकला तर धंदा बसेल. बसला नाही. त्या नाशिकच्या ताईंनी त्याच ग्रुपवर परत लिहिलं, आणि पुढच्या वर्षी भावाच्या लग्नात आहेराला साठ टॉवेल आमच्याकडनं नेले. आता प्रत्येक गडद लॉट पांढऱ्या कापडासोबत गरम पाण्यात धुऊन बघतो आणि तो व्हिडिओ लॉटबरोबरच टाकतो.

खरी विक्री मात्र व्हॉट्सॲपवर होते, इन्स्टाग्राम म्हणजे आमचं शोकेस. व्हॉट्सॲप बिझनेसमधे कॅटलॉग भरून ठेवलाय, माप, ग्रॅम, भाव सगळं लिहून, "प्राइस प्लीज इनबॉक्स" हा प्रकार मला अजिबात आवडत नाही, भाव लपवला की माणूस बिचकतो. ब्रॉडकास्टला, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायला, एका लिस्टमधे २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलमधे चिठ्ठी असते, नंबर सेव्ह करा म्हणून. महिन्यातनं दोनच मेसेज. रोज गुड मॉर्निंग पाठवलं की लोक म्यूट करतात.

गुगल मॅपचं तर कुणी सांगितलंच नव्हतं. फुकटची नोंद, फोटो टाकले, वेळ टाकली. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाणारी गाडी आमच्याच रस्त्यानं जाते, परत येताना लोक फोनवर टॉवेल-चादरी शोधतात आणि थेट दारात येतात. गुरुवारी आणि रविवारी तर मागाजवळ उभं राहून बघणारी लहान मुलं असतातच. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, म्हणजे सोलापुरी हे नाव इथल्याच मालाला लावायचं, तरी बाहेर विणलेला माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो, त्यामुळं ओरिजिनल का हा प्रश्न दिवसातनं चार वेळा येतो. आम्ही उत्तर न देता चालू मागाचा व्हिडिओ कॉल लावतो.

आमच्याकडं कांडी भरायला, म्हणजे कांडीवर सूत गुंडाळून द्यायला, एक अक्का आहेत, सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, घरी तेलुगू. एकदा त्या पुतणीला तेलुगूत काहीतरी समजावत होत्या, सूत कसं बघायचं, तुटलं तर गाठ कशी मारायची, पोरीनं त्यांना विचारून तसंच रेकॉर्ड करून टाकलं. हैदराबादहून इतके मेसेज आले की उत्तरं द्यायला अक्कांनाच बसवावं लागलं, निम्मे तर सोलापूर सोडून तिकडं गेलेल्या घरांतले. आता तेलुगू मेसेज त्याच बघतात आणि त्याचे पैसे वेगळे मिळतात त्यांना.

आज आठांपैकी तीन माग आमच्या लेबलवर चालतात, पाच अजून व्यापाऱ्यांसाठीच. सगळे सोडून फक्त ऑनलाइन करा असं मी कुणाला सांगणार नाही, पावसाळ्यात टॉवेलची मागणी पडते तेव्हा तेच पाच माग पगार काढून देतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर दोन वर्षं स्टॉल लावला, तिथं माल विकला त्यापेक्षा नंबर जास्त जमले.

आता चादरीचं चाललंय, शेजारच्या जॅकार्डवाल्यांशी, म्हणजे नक्षीची चादर विणणाऱ्यांशी, बोलून त्यांची चादर आमच्या पेजवर घेतोय, त्यांच्याच नावानं. वजन, वीण, धुणं सगळं दाखवून झालं पण तो गडद निळा काही फोनमधे खरा उतरत नाही, ट्यूबलाइटखाली काळा दिसतो आणि दुपारच्या उन्हात फिका. गेला आठवडाभर पुतणी सकाळी आठच्या आत गच्चीवर चादर पसरून फोटो काढते, आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि फोन हातात घेऊन खरी चादर आणि फोटो आलटून पालटून बघतात. काल म्हणाले, जवळ आलंय, पण अजून नाही.