गंज आतून येतो

शिकागोजवळच्या आमच्या घराच्या तळघरात घर तापवणारी, गॅसवर चालणारी कपाटाएवढी एक फर्नेस आहे, आणि तिथून घराचे जुने धुराडे दोन मजले पार करून छपरावर निघते. दर ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी, मी अंगणात उभा राहून दुर्बिणीने त्या धुराड्याची टोपी न्याहाळतो, कारण छपरावर चढण्याचे वय आणि हौस ही दोन्ही आता सरली आहेत. यंदा टोपीखालून एक तांबूस ओघळ उतरलेला दिसला. कोकणात आजोळच्या पत्र्यांना खाऱ्या वाऱ्याने गंज धरताना पाहिलेला असल्यामुळे गंज बाहेरूनच येतो, अशी माझी समजूत होती, आणि म्हणून मी पावसाला दोष देऊन मोकळा झालो.

तपासणीला आलेला मेकॅनिक मात्र शिडीला हात न लावता थेट तळघरात उतरला. गॅसच्या वॉटर हीटरच्या डोक्यावरच्या एल्बोच्या, म्हणजे धूर नेणाऱ्या पत्र्याच्या नळीच्या वळणाच्या तुकड्याच्या, सांध्यावर, ओल धरलेल्या भिंतीला फुटते तशी पांढरी भुकटी साचली होती. पत्र्यावरचे जस्त आधी स्वतः झिजते, त्याचीच ती खूण. ते संपले की लोखंडाची पाळी. त्याने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवले आणि ते पापडात शिरावे तसे आरपार गेले.

दोष आमच्याच सुधारणेचा निघाला. या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो; एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते आणि धुराडे तापलेले असेल तोवर ती वाफ मुकाट वर निघून जाते. चार वर्षांपूर्वी आम्ही काटकसरी फर्नेस बसवली. तिचा धूर इतका निवलेला असतो की तो प्लास्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर जातो. जुन्या रुंद धुराड्यात उरला एकटा वॉटर हीटर, ज्याला इकडचे कारागीर ‘अनाथ’ म्हणतात. त्याच्या तुटपुंज्या उष्णतेने धुराडे तापत नाही, त्यामुळे वाफ आतच थिजते आणि आम्ल होऊन पत्रा खात खाली ओघळते. त्यातून सुटलेल्या पापुद्र्यांनी वाट बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात उलटतो, आणि त्याला ना रंग, ना वास.

आता जुन्या धुराड्यात अॅल्युमिनियमची अरुंद नळी सोडली आहे आणि टोपीही नवी बसवली आहे. काढलेला एल्बो मी गॅरेजमध्ये ठेवला आहे; उचलला की आत पापुद्र्यांचा खुळखुळा वाजतो.